कडकडीत मोहनाची पाई

बुकित बातोक, सिंगापूर
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रेमल,

साष्टांग नमस्कार गृहीत धर. गुडघ्यांनी तो प्रकार बंद केला आहे. ई-मेलने येतंय म्हणून हे पत्र नव्हे असं समजू नकोस. संस्कृतचं एम.ए. झाल्यापासून आपण एकमेकींना लिहितो आहोत, आणि फोनवर तुझा आवाज हल्ली फार प्राध्यापकी येतो, म्हणून मी लिहिणंच पसंत करते.

एक शास्त्रार्थ आहे. बीफ पाई नावाचा पदार्थ असतो. मैद्याच्या पारीत मांसाचं सारण भरायचं, वर पारीचंच झाकण लावायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. थोडक्यात, ताटाएवढी करंजी. पारीची मला चिंता नाही. आमच्या घराण्यात साट्याच्या करंज्यांवरून लग्नं जमली आहेत. प्रश्न सारणाचा. या विषयात माझा अधिकार नाही आणि माझ्या ओळखीत अधिकारी व्यक्ती तू एकच. कुठला भाग घ्यायचा, किती शिजवायचं, आणि शिजलं हे न चाखता कसं ओळखायचं, एवढं सांग. मिठाचं मी बघून घेईन. नैवेद्याचा स्वयंपाक कुठे चाखतो आपण? डोळ्यांनी आणि नाकाने मीठ घालायची मला जन्माची सवय आहे.

कारण विचारशीलच, तर रॅफल्स प्लेसला उद्धवच्या बँकेत कुणाचा तरी निरोपसमारंभ आहे आणि प्रत्येकाने घरून काही करून न्यायचं आहे.

अनिश मजेत. लॅबजवळ खोली घेतली आहे, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. झूमवरचे माझे विद्यार्थी 'देवः देवौ देवाः' पर्यंत पोचले की इथल्या इंग्रजीत 'टीचर, व्हेरी हार्ड ले' म्हणतात आणि कॅमेरा बंद करतात.

तुझी
वीणा


नागपूर
१६ सप्टेंबर

वीणाबाई,

आधी उत्तर, मग शंका. परीक्षेत तू नेहमी उलट करायचीस आणि वेळ संपायचा.

मांडीचं मांस घेऊ नकोस, कोरडं होतं. पोटरीचं घे, जनावराने जिथे आयुष्यभर काम केलं तो भाग चवीला लागतो. आमची आई याला मोठ्याचं म्हणायची. बीफ हा शब्द मला इंग्रजीच्या तासाला भेटला आणि आपल्या घरच्या गोष्टीला एवढं रुबाबदार नाव आहे याचं नवल वाटलं. कांदा चांगला तपकिरी होऊ दे. मांस थोडं थोडं टाकून परत. सगळं एकदम टाकलंस तर पाणी सुटेल आणि ते भाजण्याऐवजी उकडेल. मिरी, तमालपत्र, गाजर घाल. झाकण ठेव, आच मंद कर आणि दुपारभर तिकडे फिरकू नकोस. शिजलं की नाही ते पळीच्या पाठीने कळतं. दाबलं आणि भिजलेल्या सुतळीसारखे धागे सुटले की झालं. मग रस्सा मैद्याने दाट कर, आणि पुरता गार झाल्याशिवाय पारीत भरू नकोस. मी स्वतः आता खात नाही. मला निषेध डॉक्टरांनी सांगितला, शास्त्राने नव्हे. शिवाय इथे आता कायद्याने म्हशीवर भागवावं लागतं.

नैवेद्याचा मुद्दा वाचून स्टाफरूममध्ये एकटीच हसले. देव कुठला, ते कळेल का?

आता शंका. तुला कोण सांगणार बीफ पाई आणायला? तू साबुदाणेवडे पाठवले असतेस आणि अख्ख्या बँकेने बोटं चाटली असती. दुसरं असं की अनिशबद्दल तू जेमतेम दीड ओळ लिहिलीस. त्याच्या पहिल्या दातावर मी तीन पत्रं वाचलेली आहेत.

पूर्वपक्ष मांडून झाला. सिद्धान्त तू लिही.

प्रेमला


बुकित बातोक
२१ सप्टेंबर

प्रिय प्रेमल,

निरोपसमारंभ नाही. त्या बँकेत निरोपाला केक कापतात आणि सहा वाजता सगळे घरच्या मेट्रोत असतात.

झालं ते असं. जुलैत एका रविवारी इथल्या मराठी मंडळींची पुलाउ उबीन बेटावर सायकलसहल होती. संध्याकाळी येतो म्हणून सांगून गेलो होतो. उद्धवची सायकल पंक्चर झाली, त्याचा गुडघा रुसला, आम्ही दुपारच्याच बोटीने परत फिरलो. दार उघडलं तर घरभर वास. अनिश आणि त्याच्या लॅबमधली एक मुलगी ओट्याशी उभी. माझ्या ओव्हनमधून नुकती निघालेली, माझ्या नानकटाईच्या छोट्या ट्रेमध्ये, बीफ पाई. अनिश म्हणाला, "आई, एवढ्यात कशी आलीस?"

मी काही बोलले नाही, हे ध्यानात घे. एक शब्द नाही. फडक्यात धरून ट्रे उचलला आणि पाईसकट कचऱ्याच्या नळीत सोडला. आमच्या इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघरातून अशी नळी थेट तळमजल्यापर्यंत जाते. नवव्या मजल्यावरून धातूचा ट्रे खाली जातानाचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच वेळ येत राहतो.

ती मुलगी "येते काकू" म्हणून निघून गेली. ऑगस्टात अनिशने खोली घेतली. भांडण नाही, आदळआपट नाही. मेसेजला उत्तर देतो: 'ओके आई', 'नोटेड'. रविवारी जेवायला ये म्हटलं की प्रयोग चालू असतो. जानेवारीत मेलबर्नला जायचं त्याच्या मनात आहे, हे त्याने बाबांना सांगितलं; मला उद्धवकडून कळलं. म्हणजे आता जे काही व्हायचं ते जानेवारीच्या आत. हा असाच गेला तर तिकडूनही मला 'नोटेड' येत राहील, आणि ते मला जमायचं नाही, प्रेमल.

म्हणून ठरवलं, पाई आपणच करायची आणि त्याला बोलवायचं. ज्या गोष्टीसाठी गेला ती ताटात दिसली की येईल. नवं काचेचं भांडंसुद्धा आणलं. खास याच्यासाठी, सिंकखालच्या कपाटात वेगळं ठेवलं आहे, म्हणजे पुन्हा तसा प्रसंग नको.

बाजारातला मलाय दुकानदार म्हणाला, "आंटी, फॉर करी?" मी म्हटलं, "फॉर सन." त्याने मान डोलावली आणि चांगले तुकडे निवडून दिले. ते फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या मागे आहेत. उद्धवने पाहिले, फ्रीझर लावला आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

वीणा


नागपूर
२४ सप्टेंबर

वीणा,

तुझ्या पत्रात सायकलला पंक्चर आहे, नळीला मजले आहेत, दुकानदाराला संवाद आहे. मुलीला नाव नाही. मला वाटतं तुला ते माहीत आहे. गावही माहीत असेल.

एवढा मोठा मुलगा मांसासाठी घर सोडत नाही. सिंगापुरात तर नाहीच. खाली उतरून हॉकर सेंटरला गेला की त्याला हवं ते मिळतं. ट्रे खाली जात होता तेव्हा तो आवाज दोघांनी ऐकला. त्यातल्या एकीला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल. अनिशला तो तिच्या तोंडाकडे बघून कळला असेल. मग तुझ्याकडे जेवायला कुठल्या तोंडाने येईल तो?

एम.ए.ची दोन वर्षं मी तुझ्या आईकडे जेवले. माझं ताट वेगळं नव्हतं, कप वेगळा नव्हता. तुला हे कधी बोलले नाही, पण पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. आम्हाला पाहून ठेवावं लागतं. तुझ्या आईला मी पाहते आहे हे कळलंसुद्धा नसेल, आणि म्हणून मी अजून तिचं नाव नीट घेते.

आता तू सिंकखाली वेगळं भांडं ठेवलं आहेस. यावर भाष्य करणार नाही. भाष्य शिकवणं हा माझा पोटाचा धंदा आहे आणि घरी मी तो करत नाही.

पाई करायची तर कर. पण जिचा अपराध केलास तिच्याकडे आधी जा. पाई म्हणजे दक्षिणा नव्हे की दिली आणि दोष फिटला.

पुढे काही दिवस माझं पत्र येणार नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे सगळे नातेवाईक आमच्याच हॉलमध्ये झोपतात. त्यांच्या भाकऱ्यांत मला अनुस्वारही सुचत नाही.

प्रेमला


बुकित बातोक
१४ ऑक्टोबर

प्रिय प्रेमल,

तुझ्यावर आठवडाभर रागावले होते. मग रागावण्यासारखं काही सापडेना.

तिचं नाव जान्हवी गजभिये. गाव भंडारा. अनिशच्या लॅबमध्ये पोस्टडॉक आहे. हे मला त्या दिवशीही माहीत होतं; पूर्वी एकदा त्याने ओळख करून दिली होती आणि मी आडनाव ऐकून घेतलं होतं. आपण आडनाव कसं ऐकून घेतो ते तुला सांगायला नको.

तरी मी आधी पाईच केली. खोड जात नाही. तुझ्या सांगण्याबरहुकूम सारण झालं, धागे सुटले. पारीत मात्र माझी विद्या ओतली. मैद्यात कडकडीत तुपाचं मोहन घातलं. पीठ घट्ट भिजवलं, तिंबलं, ओल्या फडक्याखाली ठेवलं, पुन्हा तिंबलं, साटा लावला. आईने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. ओव्हनमधून जे निघालं त्यावर उद्धवने बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, "पखवाज बरा लागलाय." सुरी आत जाईना.

ते तसंच ओट्यावर ठेवलं आणि अनिशने कधीतरी दिलेला तिचा नंबर शोधून फोन लावला.

"जान्हवी, मी अनिशची आई."

"हो काकू. अनिश ठीक आहे ना?"

"ते मला कोण सांगतंय. मी पाई केली, तिची पारी दगड झाली. कशाने होतं असं?"

"काकू, मोहन कडकडीत घातलं का तुम्ही?"

"मग काय गार घालायचं?"

"गारच. फ्रीजमधलं लोणी. अन् पीठ मळायचंच नाही, नुसतं गोळा करायचं. मीपण पहिल्यांदा तसंच केलं होतं, आईच्या करंज्यांसारखं. तिंबून तिंबून हात दुखले. अनिशने ती पाई दाराला अडकण म्हणून लावली."

मला हसू आलं आणि तेवढ्यात, धीर सुटायच्या आत, बोलून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी तुझ्यासमोर मी जे केलं ते वाईट केलं. तू त्याचा जो अर्थ घेतला असशील तोच होता. दुसरा कुठला लावता येतो का बघत होते, नाही लागला."

ती "हं" म्हणाली. ठीक आहे म्हणाली नाही, जाऊ द्या म्हणाली नाही. मग म्हणाली, "रविवारी येऊ का? पीठ फोनवर नाही शिकवता येत."

काल आली. भलीमोठी पिशवी घेऊन. त्यातून निघालं परातीसारखं भांडं, पाट, सुरी, ट्रे, आणि बेलणं. लाटण्याला ती बेलणं म्हणते. शेवटी एका डबीत मीठ. मी आदल्या दिवशीच ते काचेचं भांडं सिंकखालून काढून बाकीच्या भांड्यांत ठेवलं होतं आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली होती. तिने रॅककडे पाहिलंही नाही.

"एसी कुठल्या खोलीत आहे, काकू? इथे लोणी वितळतं."

एसी अनिशच्या खोलीत. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आम्ही पाट मांडला. लोण्याचे खडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे. जाडसर रवा दिसला की थांबायचं.

"थांबा काकू. तिंबू नका."

"हात ऐकत नाही गं."

"त्याला मागे बांधा मग."

मी सकाळीच शिजवून ठेवलेल्या सारणाची चव तिने घेतली आणि म्हणाली, "मीठ अगदीच कमी आहे." नैवेद्याचा माझा सिद्धान्त तिथे संपला. इतकी वर्षं देव बोलत नव्हते, एवढंच.

जेवायला अनिश आला. त्याला तिने बोलावलं होतं, मी नाही. दारात माझ्याकडे न बघता चपला काढल्या, बसला, दोन मोठे तुकडे खाल्ले आणि मान खाली घालून म्हणाला, "चांगली झालीये." कुणाला म्हणाला कळलं नाही. त्याच टेबलावर मी माझा वरणभात खाल्ला. वास येत होता. येत होता, इतकंच.

मग जान्हवी उठली आणि सगळं पिशवीत भरायला लागली. चरबी लागलेला ट्रे, पाट, सुरी, तसंच खरकटं. मी म्हटलं, "राहू दे, मी घासते." ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "नको काकू, घरी घासते मी." आणि चेन ओढली.

मला वेगळं भांडं ठेवायला लागू नये म्हणून तिने स्वतःच आणलं होतं, प्रेमल. ती गेल्यावर घरात तिचं एक चमचाभर काही उरलं नव्हतं.

वीणा


नागपूर
१९ ऑक्टोबर

प्रिय वीणा,

पाहुणे गेले. घरात आता फक्त उशा आहेत.

पिशवीचं मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्याकडे पहिले काही दिवस मी चमचा घेऊन येत होते. पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. वेगळा दिला जायच्या आधीच माझा काढता यावा म्हणून. तुला दिसला नाही, कारण चमचा लहान असतो. जान्हवी उघड पिशवी आणते. पिढी पुढे गेली आहे.

चमचा आणायचा मी कधी सोडला ते मला आठवत नाही. त्या दिवशी काही घडलं नसावं, म्हणूनच.

तेव्हा बोलवत राहा. भांड्यांबद्दल अवाक्षर काढू नकोस. तिच्यासमोर काही सिद्ध करायला जाऊ नकोस, आणि मोठी उदार झाल्याचा चेहरा करू नकोस. तो तुला फार छान जमतो. आली तर चहा टाक. नाही आली तर तो तिचा अधिकार.

अनिशचं विचारशील, तर तो तिच्याकडे बघून वागतो आहे. म्हणजे मुलगा बरा निघाला आहे. श्रेय थोडं तुझ्या आईला देऊया.

दिवाळीच्या करंज्या पोस्टाने पाठवू नकोस. गेल्या वर्षी चुरा आला होता, तो मी दुधात घालून खाल्ला.

प्रेमला


बुकित बातोक
१८ नोव्हेंबर

प्रिय प्रेमल,

तुझं ऐकलं. हे वाक्य चौकट करून ठेव, पुन्हा मिळायचं नाही.

दिवाळीत अनिश फराळाला आला आणि राहिला. त्याच्या खोलीत एसी लावून झोपला. टेबलाच्या फटीत अजून मैदा आहे म्हणाला. मेलबर्नचं नक्की झालं. जानेवारीत जातोय. ओट्याला टेकून त्याने मला स्वतः सांगितलं, उद्धवच्या आधी. मी म्हटलं, जा. मग ओट्याकडे तोंड करून चिवडा परतत राहिले, तो आधीच परतून झाला होता. अनिश म्हणाला, "आई, करपेल. आणि मी दर रविवारी फोन करीन, नुसता मेसेज नाही." त्या दोघांचं काय आहे ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. उद्धवने विचारलं तर त्याला सांगेन, मी काही पाहिलं नाही.

जान्हवी मधल्या काळात दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा पिशवी होती. भरून आणायची, भरून न्यायची. मी चहा टाकला. भंडाऱ्याच्या तांदळावर बोललो, तिच्या आईच्या मधुमेहावर बोललो. पारी मला आता जमते, म्हणजे कड सोडून; कडेला माझा हात अजून मुरड घालायला जातो आणि ती म्हणते, राहू द्या, तुमची पाई आहे, तिला मुरड असू द्या.

काल रविवार. अनिश यायचा होता. बेल वाजली, मी दार उघडलं. जान्हवी, हातात फक्त बाजारातली मांसाची प्लास्टिकची थैली. मी तिच्या मागे लिफ्टकडे पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

ती आत आली, फ्रीज उघडून थैली ठेवली, हात धुतले. मी दुधाचं पातेलं चढवत होते. मागे खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"काकू, बेलणं कुठंय तुमचं?"

"तिसऱ्या खणात," मी म्हटलं, "पळ्यांच्या खाली."

तिने काढलं. मी वळून पाहिलं नाही. दूध वर येईपर्यंत दुधाकडेच बघत राहिले.

तुझी
वीणा